गिरगावचा सहा बाय चार फुटी नकाशा छापायचाय, मॅप टाइल्स गिंपमध्ये जोडल्या तर रंग आणि जोड दोन्ही बिघडतायत

वाडीतला_बाळ्या
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या ऑफिसात भिंतीवर गिरगावचा मोठा नकाशा लावायचं ठरलंय, सहा फूट बाय चार फूट, सनबोर्डवर व्हिनाइल प्रिंट मारून. पश्चिमेला चौपाटी, पूर्वेला सी. पी. टँक, खाली ठाकुरद्वारच्या थोडं पुढे, म्हणजे साधारण १.८ किलोमीटर बाय १.२ किलोमीटर एवढा भाग. ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम, लोकांनी मिळून बनवलेला मोकळा नकाशा) वरून झूम १७ च्या टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, एकेक करून सेव्ह केल्या, आडव्या ७ आणि उभ्या ५, प्रत्येक २५६ बाय २५६ पिक्सेलची. मग गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) पहिली उघडली, बाकीच्या 'ओपन अ‍ॅज लेयर्स'ने आत घेतल्या आणि प्रत्येक लेयर स्केल करून १०२८ पिक्सेलची केली, कारण प्रिंटवाल्याने ७२०० पिक्सेल रुंदी सांगितलीय आणि ७२०० भागिले ७ म्हणजे १०२८ पॉइंट काहीतरी येतं.

आता प्रॉब्लेम असे. बागा हिरव्या दिसायच्या त्या राखाडी-निळ्या झाल्यात, मोठे रस्ते फिकट पडलेत. दुसरं म्हणजे दोन टाइल्सच्या मध्ये केसाएवढी रेष दिसतेय, काही ठिकाणी पांढरी, काही ठिकाणी नुसतीच रस्त्याला पायरी पडल्यासारखी. आणि अक्षरं एवढी धुरकट की खोताची वाडी वाचताच येत नाही. इंटरपोलेशन (मोठं करताना मधले पिक्सेल भरायची पद्धत) सगळी बदलून बघितली, काही फरक नाही. काय चुकतंय?

लोअरपरळकर
गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट घे ना भाऊ, एवढा उपद्व्याप कशाला 😀

नकाशेवाली
@लोअरपरळकर, स्क्रीनशॉट तेवढ्याच पिक्सेलचा असतो, लॅपटॉपची स्क्रीन १९२० रुंद असेल तर स्क्रीनशॉटपण १९२० च. आणि गूगलच्या टाइल्स उतरवून साठवणं, जोडणं हे त्यांच्या अटींत बसत नाही. ओएसएमचा डेटा मोकळा आहे, ओडीबीएल लायसन्स, खाली 'ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्यूटर्स' असं श्रेय दिलं की नकाशा छापा, विका, चालतं. पण डेटा मोकळा म्हणजे टाइल सर्व्हरपण मोकळा असं नाही हां, त्यावर नंतर बोलते.

@वाडीतला_बाळ्या, रंगाचं आधी. गिंपच्या टायटल बारवर बघा, 'आरजीबी कलर' लिहिलंय की 'इंडेक्स्ड कलर'? माझी खात्री आहे इंडेक्स्ड असणार. ओएसएमच्या पीएनजी टाइल्स पॅलेटवाल्या असतात, म्हणजे फाइलमध्ये त्या टाइलला लागणारे मोजके रंगच साठवलेले. तुम्ही पहिली टाइल कुठली उघडलीत? डाव्या कोपऱ्यातली असेल तर ती जवळजवळ सगळी समुद्र. गिंपने तिचंच पॅलेट अख्ख्या फाइलला लावलं, आणि पुढच्या ३४ टाइल्सना सांगितलं की रंग यातूनच घ्या. मग बागेला हिरवा आणायचा कुठून, त्यातल्या त्यात जवळचा म्हणून राखाडी-निळा मिळाला.

उपाय सोपा आहे, पहिली टाइल उघडल्या उघडल्या इमेज, मोड, आरजीबी. मगच बाकीच्या आत घ्यायच्या. आत्ता झालेल्या फाइलवर मोड बदलून काही होणार नाही, गेलेले रंग परत येत नाहीत, नव्याने घ्याव्या लागतील.

आणि इंटरपोलेशन बदलून फरक का पडला नाही त्याचं उत्तरपण हेच. इंडेक्स्ड इमेज स्केल करताना गिंप इंटरपोलेशन वापरतच नाही, तुम्ही क्यूबिक निवडा नाहीतर आणखी काही.

वाडीतला_बाळ्या
अरे बापरे, खरंच इंडेक्स्ड लिहिलंय! आणि पहिली टाइल चौपाटीसमोरच्या पाण्याचीच आहे. धन्यवाद ताई. परत करतो. जोडाच्या रेषांचं काय?

पिक्सेलभाऊ
रेषांचं मी सांगतो. तू प्रत्येक टाइल वेगळी स्केल केलीस तिथेच गेम झाला. दोन गोष्टी होतात. एक म्हणजे आकडा पूर्ण येत नाही, १०२८.५७ चं तू १०२८ केलंस, सात टाइल्स मिळून ७१९६ झाल्या, ४ पिक्सेल कमी, आता ते ४ पिक्सेल कुठे ना कुठे फटी म्हणून दिसणारच. दुसरं, आरजीबी करून क्यूबिक लावलंस तरी प्रत्येक टाइलच्या कडेच्या पिक्सेलला शेजारचा पिक्सेल कोण आहे ते माहीत नसतं, कारण शेजारी वेगळ्या लेयरमध्ये बसलाय. मग कड स्वतःच्या हिशोबाने गुळगुळीत होते, समोरची तिच्या हिशोबाने, आणि रस्ता जोडावर तुटल्यासारखा दिसतो.

म्हणून आधी मूळ साइजला जोडायचं, चपटं करायचं, मग एकदाच स्केल. कॅनव्हास १७९२ बाय १२८० कर (७ गुणिले २५६ आणि ५ गुणिले २५६), इमेज मेन्यूत 'कॉन्फिगर ग्रिड'मध्ये २५६ टाक, व्ह्यूमध्ये 'स्नॅप टू ग्रिड' चालू कर, टाइल्स खेचून सोड, आपोआप चौकटीत बसतात. सगळ्या बसल्या की 'फ्लॅटन इमेज'. नंतर स्केल करताना ७२०० चा हट्ट धरू नको, ४ पट म्हणजे ७१६८ कर, आणि 'प्रिंट साइज'मध्ये रेझोल्यूशनचा आकडा थोडा कमी करून कागदावर ६ फूट बसव, पिक्सेलला हात न लावता. प्रमाण ३ ला २ हवंय तर स्केलच्या आधीच उंची ११९५ ला क्रॉप कर.

फोटोशॉपवाल्यांसाठी: टाइल्स 'प्लेस'ने घेत असाल तर प्रेफरन्सेसमधलं 'रिसाइझ इमेज ड्युरिंग प्लेस' आधी बंद करा, आणि जोडून झाल्यावर फ्री ट्रान्सफॉर्मने एकेक लेयर ओढत बसू नका, सगळं एकत्र करून 'इमेज साइज'मधूनच मोठं करा.

कर्जत_लोकल
३५ टाइल्स हाताने कोण जोडतं हो. इमेजमॅजिक या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरचं 'मोन्टाज' वापरा, टाइल सात बाय पाच, जॉमेट्री प्लस शून्य प्लस शून्य, एका ओळीत काम. जॉमेट्री शून्य दिली नाही तर मध्ये फटी टाकतं तेवढं लक्षात ठेवा.

पिक्सेलभाऊ
@कर्जत_लोकल, एक खोच आहे त्यात. टाइलचा पत्ता झूम, मग एक्स, मग वाय असा असतो. त्याच नावाने फाइल्स ठेवल्या तर क्रमवारी कॉलमप्रमाणे लागते, आधी पहिल्या उभ्या पट्ट्यातल्या पाचही, मग दुसऱ्या पट्ट्यातल्या. आणि मोन्टाज भरतं आडव्या ओळीने. मग ठाकुरद्वार समुद्रात आणि चौपाटी भुलेश्वरात. नाव देताना वाय आधी, एक्स नंतर असं दिलं की झालं.

पायथन येत असेल तर पिलो लायब्ररीने दहाबारा ओळींत होतं: कोरी आरजीबी इमेज, प्रत्येक टाइल उघडून आधी आरजीबी करायची, मग (एक्स वजा सगळ्यात लहान एक्स) गुणिले २५६ आणि (वाय वजा सगळ्यात लहान वाय) गुणिले २५६ या जागी चिकटवायची. क्रमाचा प्रश्नच येत नाही.

सायनचा_शेतकरी
मला एकदम उलटा प्रकार झालाय, टाइल्स प्रत्येक सरळ आहेत पण वरची ओळ खाली आणि खालची वर जातेय. एमबीटाइल्स फाइलमधून (एकाच फाइलीत साठवलेल्या सगळ्या टाइल्स) काढल्यात.

नकाशेवाली
@सायनचा_शेतकरी, एमबीटाइल्समध्ये वाय खालून मोजतात, टीएमएस पद्धत. ओएसएम, गूगल वगैरे वरून मोजतात. २ चा झूमएवढा घात, त्यातून १ वजा, त्यातून वाय वजा केला की दुसऱ्या पद्धतीचा वाय मिळतो. पडताळायला एक ओळखीची जागा घ्या. झूम १६ ला सीएसएमटी स्टेशनची टाइल एक्स ४६०२७, वाय २९२५५ अशी येते. टीएमएसने तीच ३६२८०. तुमच्या फाइलमध्ये मुंबईच्या जवळपास ३६ हजारांचा आकडा दिसला की समजायचं उलटं मोजलंय.

डीटीपीकाका
मी हे सगळं वाचतोय आणि गंमत वाटतेय. रंग आला, जोड बसला, पण बाळ्या, तुझा तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही, अक्षरं धुरकट. ती धुरकटच राहणार. १७९२ पिक्सेल तू ७२ इंचावर पसरवतोयस, म्हणजे इंचाला २५ पिक्सेल. त्याचे ७१६८ केलेस तरी नवीन माहिती कुठून येणार, तेच पिक्सेल फुगतात. आमच्याकडे व्हिनाइलला प्रत्यक्ष साइजला ७२ ते १०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) मागतो आम्ही, ते फोटोला चालतं कारण माणूस दोन पावलं मागे उभा राहून बघतो. नकाशा मात्र लोक नाक लावून बघतात, आपली बिल्डिंग शोधतात. तुझ्या मंडळातली निम्मी माणसं बोट ठेवून "हे आमचं घर" म्हणणार.

लोअरपरळकर
एआय अपस्केलर मारा की, चार पट क्लिअर करून देतात हल्ली.

डीटीपीकाका
फोटोला मार. अक्षराला नको. बारीक धुरकट अक्षर दिसलं की तो अंदाजाने आकार काढतो, रस्त्याचं नाव भलतंच होतं आणि वाचायला मात्र एकदम शार्प. एवढ्या मोठ्या बोर्डावर चुकीचं नाव शार्प छापलेलं बघायचंय का मंडळाला?

वाडीतला_बाळ्या
मग झूम १९ च्या टाइल्स घेतल्या तर? त्या जास्त डिटेल असतात ना काका.

नकाशेवाली
इथेच मला बोलायचं होतं. हिशोब करून बघू. विषुववृत्तावर झूम ० ला एक पिक्सेल म्हणजे १५६५४३ मीटर. दर झूमला निम्मं होत जातं. शिवाय हे मर्केटर (गोल पृथ्वी सपाट मांडायची एक पद्धत) असल्यामुळे अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, मुंबई १९ अंशाच्या आसपास म्हणजे ०.९४५. झूम १७ ला एक पिक्सेल सुमारे १.१३ मीटर, टाइल साधारण २८९ मीटरची. झूम १९ ला पिक्सेल २८ सेंटिमीटर, टाइल ७२ मीटर. तुमच्या भागाला आडव्या २५ आणि उभ्या १७ लागतील, सव्वाचारशे टाइल्स.

आता सर्व्हरचं. ओएसएमचा टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतो, आणि त्यांच्या धोरणात घाऊक डाउनलोडला सरळ मनाई आहे. स्क्रिप्ट लावून शेकडो टाइल्स ओढल्या की ब्लॉक करतात, आणि बरोबरच करतात.

पण समजा मिळाल्या, तरी नकाशा चांगला दिसणार नाही. टाइल म्हणजे नुसता फोटो नाही, प्रत्येक झूमला काय दाखवायचं, किती जाड, अक्षर किती मोठं हे स्क्रीन डोळ्यांपासून हातभर अंतरावर आहे असं धरून ठरवलेलं असतं. झूम १९ ला प्रत्येक दुकान, एटीएम, बसस्टॉपचं चिन्ह येतं आणि रस्त्याचं नाव दर थोड्या अंतराने परत परत लिहिलेलं असतं. ते सगळं तुमच्या बोर्डावर इंचाला ८८ पिक्सेलने येईल, म्हणजे अक्षरं जेमतेम ३-४ मिलिमीटरची. पुसट नाहीत पण मुंगीएवढी, आणि जगन्नाथ शंकरशेठ रोड हे नाव किती वेळा ते मोजत बसा. झूम १७ घ्या तर धुरकट, १९ घ्या तर बारीक. भिंतीवरच्या नकाशाला टाइलच नको, हे माझं सरळ मत.

पिक्सेलभाऊ
थोडा विरोध. ए४ ला, पत्रिकेच्या मागे, सोसायटीच्या नोटिशीवर टाइल्स मस्त चालतात. ज्या सेवा ५१२ पिक्सेलच्या डबल टाइल्स देतात त्यात अक्षरांचा आकार तोच राहून शार्पनेस दुप्पट मिळतो, त्या घेतल्या तर ए३ पण निघतो. सहा फुटांना नाही, ते मान्य.

वाडीतला_बाळ्या
मग करू काय? मला कोडिंग वगैरे येत नाही, गिंप पण कामापुरतं.

नकाशेवाली
सोपा रस्ता आधी. ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर उजवीकडे शेअरचं बटण आहे. स्टँडर्ड लेयर ठेवून तिथे इमेजचा फॉरमॅट एसव्हीजी किंवा पीडीएफ निवडा, स्केल टाका, 'सेट कस्टम डायमेन्शन्स'ने भाग आखून घ्या आणि डाउनलोड करा. हे व्हेक्टर आहे, म्हणजे पिक्सेल नाहीत, रेषा आणि आकार, सहा फूट करा नाहीतर साठ, कड शार्प राहते. कधी सर्व्हरवर ताण असला की एरर देतो, थोड्या वेळाने परत करायचं. इंकस्केपमध्ये उघडून नको ती दुकानांची चिन्हं उडवता येतात. फक्त त्यातलं अक्षर हे टेक्स्ट नसतं, आकार असतात, त्यामुळे नाव बदलून मराठीत लिहायचं तर जुनं उडवून नवीन टाकावं लागेल.

आणि मराठीत हवाय ना नकाशा? कारण ओएसएमवर मुंबईत मुख्य नाव बहुतेक ठिकाणी इंग्रजीत आहे, मराठी नाव 'नेम कोलन एमआर' या वेगळ्या टॅगमध्ये असतं. टाइलवर ते येत नाही.

वाडीतला_बाळ्या
मराठीतच हवाय! मी टाइल्सवर नावं वरून चिकटवणार होतो.

नकाशेवाली
मग क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे, आणि एवढ्यापुरतं फार अवघड नाही. 'क्विकओएसएम' प्लगइन टाका, त्यातून तुमच्या चौकटीतले हायवे, बिल्डिंग, रेल्वे, बागा वेगवेगळे लेयर म्हणून उतरतात. हा डेटा येतो, टाइल्स नाहीत, आणि एवढ्या छोट्या भागाला काही जड होत नाही. लेबलमध्ये एक्सप्रेशन लिहायचं: कोअ‍ॅलेस, कंसात आधी नेम कोलन एमआर, मग नेम. मराठी असेल तर मराठी, नसेल तर जे आहे ते. जिथे मराठी नाव नाहीये तिथे ओएसएमवर अकाउंट काढून स्वतः भरा, गिरगावातल्या वाड्यांची नावं गिरगावकराइतकी कोणाला माहीत असणार. गायवाडी, मुगभाट, फणसवाडी, भरा सगळं.

प्रोजेक्टचं सीआरएस (नकाशा कुठल्या मापपद्धतीत मांडायचा ते) यूटीएम ४३ नॉर्थ ठेवा, ईपीएसजी ३२६४३. मुंबई त्यातच येते. वेब मर्केटरवर विषुववृत्ताच्या हिशोबाने स्केलबार काढलात तर मुंबईत साडेपाच टक्क्यांच्या वर चुकतो, यूटीएमला ती भानगड नाही.

अजून एक. महर्षी कर्वे रोड बोर्डावर कडेला समांतर यावा असं वाटत असेल तर प्रिंट लेआउटमध्ये नकाशा फिरवता येतो, लेबलं सरळच राहतात. टाइल्सचा फोटो फिरवला की नावंपण तिरकी होतात.

कर्जत_लोकल
क्यूजीआयएसमध्येच एक्सवायझेड लेयर म्हणून (म्हणजे थेट टाइल्सच) ओएसएम टाकून लेआउटमधून ३०० डीपीआयला एक्सपोर्ट केलं तर? मी ऑफिसात तसंच करतो.

नकाशेवाली
करून बघा, अक्षरं बारीक झालेली दिसतील. डीपीआय वाढवलं की तो जास्त झूमच्या टाइल्स मागवतो, म्हणजे परत तोच मुंगीचा प्रकार. रिपोर्टमध्ये छोटा नकाशा असेल तर एक्सपोर्ट ९६ च्या आसपास ठेवा, स्क्रीनवर दिसतं तसं येतं.

डीटीपीकाका
प्रिंटवाल्याच्या बाजूने दोन शब्द. तुम्ही काहीही बनवा, तो कोरलड्रॉमध्येच उघडणार आणि पहिलं वाक्य म्हणणार "कर्व्ह करून आणलंय ना?" त्याच्या मशीनवर तुमचा युनिकोड फॉन्ट नसतो. त्याच्याकडे जुने डीटीपी फॉन्ट असतात, त्यांचं कोडिंगच वेगळं, त्यात तुमचं 'ठाकुरद्वार' उघडलं की चौकोन तरी येतात नाहीतर द आणि व सुटे होतात. म्हणून अक्षरांचे आकार करूनच द्यायचं.

नकाशेवाली
क्यूजीआयएसमध्ये पीडीएफ एक्सपोर्ट करताना टेक्स्ट एक्सपोर्टला 'ऑलवेज एक्सपोर्ट टेक्स्ट अ‍ॅज पाथ्स' निवडा, काकांचं कर्व्ह तिथेच होतं. जोडाक्षरंपण नीट राहतात.

पिक्सेलभाऊ
आणि शीर्षक वगैरे फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये टाकणार असलात तर प्रेफरन्सेस, टाइपमध्ये टेक्स्ट इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन'वालं निवडा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. गिंप आणि इंकस्केपला हे करावं लागत नाही.

वाडीतला_बाळ्या
अपडेट देतो. मोड आरजीबी करून, ग्रिड लावून टाइल्स परत जोडल्या, रंग आणि जोड एकदम झकास, तेवढा छोटा नकाशा कार्यकर्त्यांना वाटायला ए४ वर वापरणार. मोठ्यासाठी क्यूजीआयएस लावलं, नकाशेवाली ताईंनी सांगितलं तसं, रस्ते आणि बिल्डिंगा आल्या, केशवजी नाईक चाळीवर वेगळा रंग दिलाय आणि खाली १८९३ असं टाकलंय, मुंबईतल्या पहिल्या सार्वजनिक गणपतीचं साल. वाड्यांची बरीच नावं नव्हती, ती भरतोय, त्यावरून मंडळात वाद सुरू झालेत की कुठली वाडी कुठे संपते 😅

दोन शंका. भरलेलं नाव टाइलवर लगेच दिसत नाहीये. आणि प्रिंटवाला म्हणतो सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) दे.

नकाशेवाली
मराठी टॅगमध्ये भरलं असेल तर स्टँडर्ड टाइलवर दिसणारच नाही, मुख्य नावात भरलं असेल तर टाइल नव्याने बनेपर्यंत आणि तुमच्या ब्राउझरची कॅश, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, जाईपर्यंत थांबा. टाइल बघून ठरवू नका, क्विकओएसएमने परत क्वेरी मारा.

डीटीपीकाका
सीएमवायकेचं सांगतो, पीडीएफ आरजीबीतच दे आणि त्याला म्हण तुझ्या मशीनच्या प्रोफाइलने तूच बदल. नकाशात फिकट निळा आणि फिकट हिरवा असेल तर आधी एक फूटभर तुकडा प्रत्यक्ष साइजला छापून घे, समुद्र आणि बाग वेगळे दिसतायत का बघ. फिकट रंग मशीनवर एकमेकांत जातात, स्क्रीनवर कळत नाही. त्या तुकड्यात अक्षरांचा आकारपण भिंतीला धरून तपासता येईल.

लोअरपरळकर
आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नको, दाबून पार जेपेगचा चुरा करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव.

डीटीपीकाका
पेनड्राइव्हवर ने आणि समोर उभं राहून उघडायला लाव. खाली ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय आहे ना ते बघ, हे लोक बोर्ड कापताना खालची पट्टी उडवतात.

वाडीतला_बाळ्या
श्रेय पट्टीतच होतं काका, आता नकाशाच्या आत, चौपाटीसमोरच्या पाण्यात घेतलं. तिथे जागाच जागा आहे.